गिरिजाचा बंद माईक

"मग आणखी काय करायचं, बुवा? तुम्हीच सांगा!"

मंजिरीबाईंचा आवाज चढला. तालुक्याच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत. वर्ग सगळा ऑनलाइन.

मठाच्या ओसरीवर दयागिरबुवा सुपात तांदूळ निवडत होते.

"काय काय केलंस?"

"काय नाही केलं? व्हिडिओ दाखवले. हलते नकाशे केले. प्रश्नमंजूषा घेतल्या, गट पाडले, खेळसुद्धा खेळवले. दुसऱ्या कॉलेजातली माणसं माझे तास बघायला येतात!"

"बरं की."

"बरं काय, बुवा! गिरिजा भोये नावाची मुलगी आहे. एक तास चुकवला नाही तिनं. आणि काल तिचा निरोप आला... मॅडम, मला जमत नाही, मी कॉलेज सोडते. उद्या दाखला काढायला येणार आहे. घरातली पहिली शिकणारी मुलगी हो..."

बुवांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आवाज कसा आहे तिचा?"

"आवाज?"

मंजिरीबाई अडखळल्या. गिरिजाचं नाव त्या पडद्यावर रोज बघत होत्या. आवाज मात्र काही केल्या आठवेना.

"तासाला मी सगळ्यांचे माईक बंदच ठेवायला सांगते. गोंगाट होतो फार."

"लाव तिला फोन. मलाही ऐकू येईल असा लाव."

फोन लागला.

"हॅलो, गिरिजा? माझा आवाज येतोय ना? हे बघ, मी तुझ्यासाठी नवीन व्हिडिओ..."

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाई गप्प झाल्या. पलीकडेही कुणी बोलेना. नुसतं काहीतरी घरघरत होतं. बाईंना राहवेना, त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. बुवांचं बोट जागचं हललं नाही.

...

"मॅडम... आहात ना?"

"आहे गं."

"ही गिरणी घरघरतेय. मी दळण दळायला असते इथं. तुमचा फोन आला म्हणून दाराबाहेर आलेय. तास पण आत बसूनच ऐकते. म्हणजे... बघते. ऐकू काही येत नाही."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. एकदा माईक लावून सांगणार होते. पण म्हटलं, गोंगाट होईल तुम्हाला."

मंजिरीबाई मटकन ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"दाखला नको काढूस, गिरिजा. तुझी गिरणी बंद कधी असते?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी फोन करते. कुठपासून सांगू तुला?"

पलीकडे पुन्हा घरघर... मग मुलगी भीत भीत म्हणाली,

"तुम्ही सुरुवातीला 'नमस्कार मुलांनो' म्हणता ना, तेवढं ओठांवरून कळतं. त्याच्या पुढचं सगळं सांगाल?"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"हं," ते म्हणाले, "आता भरला तुझा वर्ग."