हिऱ्यांवाचून घडलेला हार

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात वेणू नावाची एक कारागीर राहायची. दागिने घडवावेत तर तिनेच, असं सगळे म्हणत. सुरुवातीला ती आठवडी बाजारात काचमण्यांच्या माळा विकायची. मग चांदीत काम करू लागली, मग सोन्यात. पुढे तर तिच्या हातची नथ मिळेपर्यंत नवऱ्या मुली लग्नाला उभ्या राहायला तयार होत नसत. तिने घडवलेलं सोन्याचं पिंपळपान वाऱ्याच्या झुळकीने थरथरायचं आणि बघणारे श्वास रोखून धरायचे.

एके दिवशी राजाने तिला बोलावून घेतलं.

"वेणूबाई, दसऱ्याच्या दरबारात आमच्या आईसाहेबांचा सत्कार आहे. त्यांच्यासाठी असा हार करा, की बघणाऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत." असं म्हणून त्याने खजिन्यातल्या निवडक हिऱ्यांची थैली तिच्या हाती दिली.

वेणूने कागदावर हाराचा नमुना काढला आणि ती आईसाहेबांच्या महालात गेली. आईसाहेबांनी कागद हातात घेतला, जरा वेळ समोर धरला आणि म्हणाल्या, "छान आहे हो! फारच सुरेख."

वेणूने नीट पाहिलं. आईसाहेबांनी कागद उलटा धरला होता.

ती बाहेर आली, तशी दासी तिच्यामागे धावत आली. "बाई, तुमच्या लक्षात आलं ना? त्यांना दिसत नाही. महाराजांनासुद्धा ठाऊक नाही. तुम्ही कुठे बोलू नका. कसलाही हार करा, त्या छानच म्हणतील. आणि दरबार तर खूशच होईल."

वेणू घरी आली. तिने सगळे हिरे मेणावर हारासारखे मांडून पाहिले. खोलीभर असा लखलखाट झाला, की तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. असं काम तिनेही कधी केलं नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि हिऱ्यांवरून हात फिरवला. हाताला लागले नुसते गार, टोकदार खडे. डोळे मिटले आणि हार संपला!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आईसाहेबांकडे गेली.

"आईसाहेब, तुमचं माहेर कुठलं?"

आईसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "समुद्रकाठचं गं! लग्न होऊन या डोंगरात आले, ती परत गेलेच नाही. आमच्या अंगणातून चार पावलं टाकली की वाळू. बाबांची होडी होती. मी दिवसभर त्या होडीतच."

त्या बोलत राहिल्या आणि वेणू ऐकत राहिली.

वेणूने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि ती घाट उतरून थेट किनाऱ्यावर गेली. समोर पाहिलं आणि तिचे पायच थांबले. एवढं पाणी एका ठिकाणी असू शकतं, हे तिला खरंच वाटेना. जरा वेळाने ती भानावर आली. मग डोळे मिटून ओल्या वाळूवर बसली. लाटांनी वाळूत उमटवलेल्या रेघा, शिंपल्यांचे कंगोरे, होडीच्या फळ्या, जाळ्याच्या गाठी, सगळं तिने बोटांनी चाचपलं. रोज तेच. बोटांना पाठ झालं, तेव्हा ती परतली आणि कामाला लागली.

दसऱ्याचा दरबार भरला. वेणूने डबी उघडली. आत सोन्याचा हार होता, पण त्यात एकही खडा नव्हता. डोळे दिपवणारी झळाळीही नव्हती. सरदार एकमेकांकडे बघून हसू लागले. राजाचा चेहरा लाल झाला.

"हिरे कुठे आहेत?"

"सगळे या थैलीत आहेत, महाराज. एकही वापरला नाही."

"भर दरबारात आमची चेष्टा करता? आजपासून तुमचं दुकान बंद!"

वेणूने मान खाली घातली. हिरे का वापरले नाहीत, ते तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं, तर आईसाहेबांचं गुपित फुटलं असतं.

"थांब, बाळा," आईसाहेब राजाला म्हणाल्या. "आधी तो हार माझ्याकडे तरी दे."

त्यांनी हार हातात घेतला. बोटं पहिल्या पदकावरून फिरली आणि थबकली. मग हळूहळू पुढे सरकू लागली.

"ही वाळू... ओहोटीनंतरची! आणि हे जाळं. अगंबाई, ही तर आमची होडी!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आईसाहेब," राजा गोंधळून म्हणाला, "तुम्ही तर हाराकडे बघतसुद्धा नाही."

"मला दिसत नाही रे. कितीतरी दिवस झाले. लोक कीव करतील म्हणून बोलले नाही. आज मला दिसलं, म्हणून सांगते."

राजा सिंहासनावरून उतरून आईजवळ बसला. आईने त्याचं बोट धरून हारावर ठेवलं.

"डोळे मीट. आता हलकेच पुढे ने."

"काहीतरी वर येतंय... खाली जातंय... पुन्हा वर येतंय."

"लाटा आहेत त्या."

ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, ते सगळे मग एकेक करून पुढे आले. मघाशी हसलेले सरदारही आले. ते डोळे मिटून हाराला हात लावत आणि मागच्याला जागा करून देत.

राजाने वेणूपुढे हात जोडले. "मला माफ करा. पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"ते सांगणं माझं काम नव्हतं, महाराज. हिऱ्यांनी दरबाराचे डोळे दिपले असते, पण आईसाहेब एकट्याच राहिल्या असत्या."

वेणूचं दुकान बंद झालं नाही, हे सांगायलाच नको. आणि त्या दिवसानंतर आईसाहेबांना कुणाच्या हाताला धरून चालायची लाज वाटली नाही. कारण हात धरायला राजा स्वतः यायचा.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचं, त्याला काय हवंय ते आधी जाणून घ्यावं. बघणाऱ्यांची वाहवा त्यानंतरची.