साळूच्या पुस्तकाला पाच-पाच स्टार

एका जंगलात एक साळू राहायची. जंगल भारी, पण रेंज दोनच ठिकाणी : सागाच्या शेंड्यावर, नाहीतर तळ्यातल्या खडकावर. साळू अंगावरचा काटा उपटून त्यानंच गोष्टी लिहायची. एकदा माकड म्हणालं, "हिंमत असेल तर पुस्तक ऑनलाइन टाक, साळूताई! पौर्णिमेपर्यंत दहा जणांनी वाचलं नाही, तर लिहिणं कायमचं बंद!"

साळू पटकन म्हणाली, "लागली पैज!" आता दोस्तांनो, साळूला झाडावर चढता येतं का? नाही ना? मग पानांचे फोटो काढून तिनं मोबाइल कुणाकडे दिला? माकडाकडेच!

तिसऱ्या दिवशी माकड मोबाइल नाचवत खाली आलं. "बारा जणांचे अभिप्राय! सगळ्यांचे पाच-पाच स्टार!" अस्वलानं लिहिलं होतं, 'शेवटी राणी मेली, ढसाढसा रडलो.' कोल्ह्यानं लिहिलं होतं, 'शेवटचं लग्न वाचून पोट धरून हसलो.' साळू चक्रावली. तिच्या गोष्टीत ना राणी होती, ना लग्न. होता तो एक हरवलेला बेडूक! आभार मानायला गेली, तर अस्वल म्हणालं, "कसलं पुस्तक? मध असेल तर बोल." कोल्हा म्हणाला, "मी? मला मोबाइल धरतासुद्धा येत नाही." साळूला काही कळेना. "मग मी लिहिलं तरी काय?" राणी घालू की लग्न लावू, या नादात तिनं सात काटे उपटले.

पौर्णिमेच्या दिवशी खडकावरचं कासव पोहत, चालत, धापा टाकत आलं. "साळू पोरी, बेडूक विहिरीत पडला, पुढं काय झालं? पहिल्याच पानावर संपलंय गं सगळं. बारा दिवस वाट बघतोय मी!"

"एकच पान? मी तर सदतीस दिली होती!" साळू माकडाकडे वळली. माकड आधी उगाच शेपटी खाजवत बसलं. मग मान खाली घालून म्हणालं, "एक पान चढवलं आणि कंटाळा आला. अभिप्राय मीच लिहिले, बाराच्या बारा. पुस्तक वाचलंच नाही गं. तुझी गंमत करायची होती, पण तू काटे उपटायला लागलीस आणि माझी बोलायची हिंमतच झाली नाही. पैजेत लबाडी मी केली, तू लिहिणं सोडू नकोस. दे मोबाइल, उरलेली छत्तीस चढवतो."

तात्पर्य : बारा जणांनी वाहवा केली, तर आधी विचारा, वाचलं कुणी? आणि एकानं जरी पुढचं पान मागितलं, तर गुपचूप लिहायला बसा.