ठकू लोहारणीचं पेव

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं इतक्या वर्षांपूर्वी, गावात ठकू नावाची लोहारीण होती. नवरा फौजेच्या घोड्यांना नाल ठोकायला गेला तो परत आलाच नाही. मग ठकू घण मारायची आणि सासू भाता ओढायची. ठकूच्या घणाचा आवाज तीन गावांना ऐकू जायचा आणि सासूचा चार गावांना, असं म्हणतात.

गढीत जहागीरदार राहायचा. त्याच्या पदरी हैबती नावाचा कारागीर होता. हैबती कट्यारीच्या पात्यावर वेली कोरायचा, मोर कोरायचा आणि त्या रेघांत सोन्याची तार ठोकून बसवायचा. ती तार कधी निघायची नाही. का निघत नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण शेवटची छिन्नी मारताना तो हातांवर फडकं घ्यायचा. पोटच्या पोरांनासुद्धा त्याने फडक्याखालचं दाखवलं नव्हतं.

ठकू गढीवर कोळसा पोचवायची. एकदा ती म्हणाली, "हैबतीदादा, मलाही शिकवा की."

"तू विळे ठोक, बाई. ही नक्षी आहे. भाकरी नाही थापायची."

"भाकरी तरी थापून बघितलीत का कधी?" असं म्हणून ठकूने टोपली झटकली. तो कोळसा हैबतीच्या मिशीत बसला तो मरेपर्यंत निघाला नाही, असं म्हणतात.

घरी येऊन तिने स्वैपाकाच्या विळीवरच जोंधळ्याचं कणीस कोरलं आणि रेघांत पितळेची तार ठोकली. कणीस झळकलं. दुसऱ्या दिवशी सासूने त्या विळीवर वांगी चिरली आणि जेवताना तिच्या दाताखाली कणसाचा देठ आला.

"ठके, भाजीत मीठ घाल गं. तार कशाला घालतेस?"

ठकूने पुन्हा कोरलं, तार पुन्हा गवारीत निघाली. बारा वेळा कोरलं, बारा वेळा निघाली. शेवटी सासू सांडशी जवळ घेऊनच जेवायला बसू लागली. पण विळीला हात लावू नकोस, असं ती एकदाही म्हणाली नाही.

मग एक दिवस ठकू जोंधळे काढायला पेवात उतरली. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड एवढंसं, आणि तळाशी ऐसपैस खोली. उतरताना ती सुळकन गेली. वर येताना ओच्यात जोंधळे भरलेले, त्यामुळे तोंडाशीच अडकली. सासूने ओढलं, शेजारणींनी ओढलं, शेवटी बैल जुंपले. दोरी तुटली, ठकू हलेना. आणि अडकल्या जागीच ती खदाखदा हसायला लागली.

"आत्याबाई, कळलं! रेघ अशीच कोरायची! तोंड अरुंद, पोट रुंद. तार आत ठोकली की पसरते, मग कशाला येतेय बाहेर?"

"तू आधी बाहेर ये," सासू म्हणाली.

ओचा सोडून जोंधळे खाली सांडले तेव्हा कुठं ठकू वर आली. आली तशी तिने छिन्नी तिरकी धरली आणि रेघेच्या दोन्ही कडा आतून पोखरल्या. त्या विळीवर सासूने सात भोपळे चिरले. कणसाचा एक दाणा हलला नाही.

बातमी गढीवर गेली. हैबती ओरडला, "सरकार, हिने माझी विद्या चोरली!"

"चोरली कुठं? माझ्याच पेवात सापडली," ठकू म्हणाली.

जहागीरदाराने एक कट्यार आणि सोन्याची तार तिच्यापुढे टाकली. "हिच्यावर माझं नाव कोर. माझी माणसं तार उपटून बघतील. एक टोक जरी सुटलं, तर तुझा भाता फाडीन आणि सासूसकट गावाबाहेर काढीन."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर कोरत बस जन्मभर."

आठव्या दिवशी सारा गाव चावडीवर जमला. माझे पणजोबाही होते असं ते सांगायचे. तेव्हा त्यांचा जन्म झाला नव्हता, ही गोष्ट वेगळी. ठकूने पात्याला काजळी फासून आणली होती, तारेची टोकं तेवढी उघडी. हैबतीने ती चिमट्याने ओढली. कट्यार भट्टीत घातली. घोड्याच्या शेपटीला बांधून ओढ्याच्या खडकांवरून फरफटवली. शेवटी हैबतीने दात लावले. दोन दात निघाले, तार नाही निघाली.

एवढ्या घासाघाशीत काजळी मात्र गेली. जहागीरदार बघतो तर नाव कुठंच नाही! पात्यावर सोन्याचं पेव होतं, मधोमध चिरून दाखवल्यासारखं. तोंड अरुंद, पोट रुंद, आणि तोंडातून डोकं काढून एक बाई हसत होती.

"हे काय आहे?"

"हैबतीदादांच्या फडक्याखालचं," ठकू म्हणाली. "ज्याला शिकायचंय त्याने बघून घ्या रे!"

"काढून टाक ते!"

"काढा की, सरकार. आत्ताच तर सगळ्यांनी काढून बघितलं."

जहागीरदाराने कट्यार ओढ्यात भिरकावली. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून ओढ्याने पाणी बाजूला केलं, असं म्हणतात. आता ओढा चैत्रातच कोरडा पडतो, तो तेव्हापासून.

आमच्या गावात आजही काम शिकवताना कुणी हात झाकत नाही. झाकला तर शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, "फडकं काढ!" खंडेनवमीला अवजारं पुजतात, पण त्यांच्यावर वस्त्र घालत नाहीत. आणि लग्न ठरलेल्या पोरीला विळी देतात, तिच्यावर पितळेचं कणीस पोरीने स्वतः कोरायचं असतं. पहिलं कणीस निघतंच. त्या दिवसांत घरातली सगळी माणसं सांडशी जवळ घेऊन जेवायला बसतात, आणि पोरीला कुणी एका शब्दाने बोलत नाही.