चौथ्या फेरीनंतरचा अर्ज

सांगलीच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत दहा खेळाडू होते आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळायचे होते. चार फेऱ्यांत शलाका दांडेकर तिघांकडून हरली, पण लंडनहून आलेल्या नामवंत रांगणेकरांना तिने हरवले. रांगणेकरांनी पंचांकडे अर्ज दिला, "या बाई फार कच्च्या आहेत, त्यांना वगळा." निम्म्या फेऱ्यांआधी वगळले, तर नियमाने तिचे सगळे निकाल पुसले जाणार होते. अर्थात रांगणेकरांचा पराभवही.

पंचांनी दोघांना बोलावले. "शलाकाताई, तुमचं काय म्हणणं?"

"मी कच्ची आहे, सर. तिघांनी ते पटावर दाखवून दिलं. रांगणेकर साहेबांना मात्र त्यासाठी अर्ज लिहावा लागला."

पंचांनी अर्ज परत केला. "साहेब, मागची बाजू कोरी आहे. पाचव्या फेरीच्या चाली लिहायला होईल."