तिसरी तार

"हा आपोआप जळलेला नाही. कुणीतरी जाळलाय."

अभिरामनं ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा, तसा तो हात तिथंच राहिला.

मन्मथअप्पा चष्म्याच्या वरून बघत होते. उदगीरच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ केव्हाच संपले, दुकान तेवढं राहिलं. शाळेत असताना अभिराम याच स्टुलावर बसून तारांना कथिलाचा डाग द्यायला शिकला होता. पुढं तो इंजिनिअर झाला, आणि पाच वर्षं या दुकानाची पायरी चढला नाही.

"कुणी जाळला?" अप्पांनी विचारलं.

"तेच तर शोधायचंय! वीजच घाण आहे सगळी. शेजारी वेल्डिंगवाला, पलीकडं पिठाची गिरणी, कोपऱ्यावर ती गंजकी डीपी. सगळ्यांची घाण माझ्या घरात. मंगळवारी दुपारी आभाळ कडाडलं. थेंब पडला नाही, नुसती वीज. घरातले दिवे दोनदा फुलले आणि हा..."

त्याला 'गेला' म्हणवेना.

"वास येतोय," अप्पा म्हणाले.

त्यांनी स्क्रू काढले. वरचं झाकण बाजूला केलं. आतला मोठा ट्रान्सफॉर्मर काळा पडला होता, आणि त्याच्या अंगावरचा कागद पापुद्र्यासारखा सुटला होता.

अप्पांनी तो ओळखला. त्यांनीच गुंडाळला होता तो, पूर्वी कधीतरी; अभिरामनं तोच जुना यात बसवला होता. हातमशीनवर, वेढा मोजून वेढा. अप्पा दांडा फिरवत होते आणि दहावीतला अभिराम मोठ्यानं आकडे म्हणत होता. दोन हजारांपाशी तो एकदा चुकला, तेव्हा अप्पांनी सगळी तार उलटी सोडून पहिल्यापासून सुरू केलं होतं.

"पुन्हा गुंडाळायचा," अभिराम म्हणाला.

अप्पांनी उजवा हात टेबलावर पसरला. बोटं थरथरत होती. त्यांनी ती थांबवायचा प्रयत्न केला नाही. नुसती दाखवली.

अभिरामनं त्या बोटांवरून नजर काढली.

"पण मी सगळं लावलं होतं, अप्पा! स्टॅबिलायझर लावला. लाइन फिल्टर लावला. हा बघा सर्ज प्रोटेक्टर. बाहेरून जास्तीची वीज आली तर यानं ती अडवायची, एवढंच याचं काम. यानं काय केलं?"

अप्पांनी ती पांढरी पेटी उघडली. आत बटणाएवढ्या निळ्या चकत्या होत्या. त्यांनी एकेक चकती भिंगाखाली धरून पाहिली. एकही फुगली नव्हती. एकीवरही डाग नव्हता.

"रखवालदार शाबूत," अप्पा म्हणाले, "आणि घर लुटलेलं."

"म्हणजे नकली माल! मला वाटलंच होतं. लोकांना फसवतात, अप्पा. चोर आहेत सगळे. मी तक्रार करणार आहे. सोडणार नाही मी कुणाला."

"माल असली आहे."

"मग?"

"हा वीज अडवत नाही रे. ती कुणालाच अडवता येत नाही. हा तिला दुसरी वाट दाखवतो." अप्पांनी प्लगची वरची जाड पिन बोटानं दाबली. "ही तिसरी तार कुठं जाते?"

"अर्थिंगला."

"आणि अर्थिंग?"

अभिरामची कानशिलं तापली. "अप्पा, मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. मीटर लावून बघितलंय मी. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण दोनशे तीस. एवढंही मला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

अप्पा उठले. खिळ्याला टांगलेला एक होल्डर काढला. त्यात साधा शंभरचा बल्ब, खाली लोंबणाऱ्या दोन तारा. तो पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागले.

"कुठं?"

"तुझ्या घरी."

वाटेत अभिरामच बोलत होता. या देशात माणसाला एक स्वच्छ गोष्ट मिळत नाही, म्हणाला. हवा नाही, पाणी नाही, वीजसुद्धा नाही. अप्पा उन्हातून सावकाश चालत होते. मध्येच ते म्हणाले, "वैनीला ऐकू यायचं का रे शेवटी?"

अभिरामचे पाय मंदावले.

आईचे कान शेवटच्या दोन वर्षांत जड झाले होते. रेडिओ लावला की म्हणायची, गाण्यामागं कुणीतरी घूं घूं करतंय, बाई काय म्हणतेय ते कळत नाही. त्या एका घूं घूंपायी त्यानं हा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. नोकरीवरून आला की तेच. तारा बदल, जागा बदल, पुन्हा डाग दे. सात महिन्यांनी ती घूं घूं गेली. मार्गशीर्षात आईही गेली.

"यायचं," तो म्हणाला. "शेवटचे वीस दिवस. डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, आता बाई इथं बसून गातेय."

अप्पांनी मान हलवली.

घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं. बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर, आणि त्यांच्या बरोबर मधोमध आईची खाट. गादी गुंडाळलेली होती, पण खाट त्यानं हलवली नव्हती.

अप्पांनी त्या खाटेला हात लावून नमस्कार केला. मग बोर्डापाशी गेले, होल्डरची एक तार फेजच्या भोकात घातली, दुसरी न्यूट्रलच्या. बल्ब भक्कन पेटला.

"बरोबर?"

"बरोबर," अभिराम म्हणाला. मनात म्हणाला, हा कसला पोरखेळ.

अप्पांनी दुसरी तार काढली आणि वरच्या मोठ्या भोकात घातली. अर्थच्या.

बल्ब पेटला नाही.

अभिराम जवळ गेला. काचेच्या आत तारेचा एक तुकडा कसाबसा लाल झाला होता. विझत आलेल्या उदबत्तीएवढा.

"पण मीटरवर... दोनशे तीस होते. मी स्वतः बघितले."

"मीटर नुसतं विचारतं, आहेस का म्हणून," अप्पा म्हणाले. "कुणीही हो म्हणेल. दिवा म्हणतो, माझा भार घे."

अभिराम त्या लाल तुकड्याकडं बघत राहिला.

"चल, मागं जाऊ," अप्पा म्हणाले.

मागचं अंगण नवं कोरं होतं. फिकट करड्या फरश्या, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कुठं तडा नाही, गवताची काडी नाही. आई गेल्यावर महिन्याभरात त्यानं हे करून घेतलं होतं. माती उडायची, स्पीकरच्या पडद्यावर बसायची.

अप्पा भिंतीलगत उभे राहिले. धुण्याचा दगड होता, त्याच्या उजव्या अंगाला. तिथून ते हलेनात.

"इथं एक पाइप होता. वीतभर वर आलेला."

"तो होय?" अभिराम हसला, आणि ते हसू त्याला स्वतःलाच नको वाटलं. "तो आईचा देव होता. कापला आणि बुजवला."

"देव?"

"हळदकुंकू लावायची त्याला, अप्पा. दर शुक्रवारी. आणि रोज पाणी. टँकर आठ दिवसांनी यायचा आमच्या गल्लीत, माणसाला प्यायला पाणी नाही, आणि ही तांब्याभर पाणी त्या लोखंडाला! मी कॉलेजात पाणी वाचवा म्हणून पथनाट्यं करत होतो. घरात हे. मी ओरडायचो तिच्यावर. म्हणायचो, आई, मातीत काय ओततेस? कुणाला पाजतेस? तर म्हणायची, त्याला लागतं. त्याला म्हणजे कुणाला? तर नुसतं... त्याला."

"मग?"

"मग मी एकदा तांब्या हातातून काढून घेतला."

अप्पांनी धुण्याच्या दगडाकडं पाहिलं.

"त्यानंतर तिनं तांब्यातलं पाणी कधी नाही घातलं." अभिरामचा आवाज उतरला. "तांदूळ धुतलेलं घालायची. भाजी धुतलेलं. तेही नसलं की आपल्या आंघोळीतलं अर्धं वाचवायची, बादलीत. मला वाटायचं, हट्टी आहे. शिकलेली नाही. अंधश्रद्धा."

गल्लीतून गिरणीचा आवाज येत होता. अप्पा धुण्याच्या दगडावर बसले.

"तू सातवीत होतास," ते म्हणाले. "या घराची वायरिंग मी केली. हा खड्डासुद्धा मीच खणला. माझ्या छातीएवढा. खाली पत्रा ठेवला, त्याची तार मातीखालूनच घरात नेली, वर मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. वैनी इथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, अप्पा, हे काय पुरताय? मी म्हणलं, वैनी, पोराला विजेचा नाद लागलाय. आज ना उद्या हात लावणार कुठंतरी. ज्या दिवशी लावेल, त्या दिवशी वीज त्याच्या अंगातून न जाता या वाटेनं मातीत गेली पाहिजे. फक्त हे कोरडं पडू देऊ नका. उन्हाळ्यात तर रोज पाणी लागतं याला."

अभिराम उभाच होता.

"मी म्हणलं आणि विसरलो," अप्पा म्हणाले. "शंभर घरांत सांगितलं असेल. कुणी घालत नाही."

अप्पांनीच पुढं विचारलं, "आठवतंय तुला, नववीत? तो जुना पंखा. तारेचं अंग उघडं होतं, तू जाळीला हात लावलास, आणि मेनचा फ्यूज उडाला."

आठवत होतं. धाडकन आवाज झाला, अंधारून आलं, आणि हाताला मुंगीसुद्धा चावली नाही. तो दिवसभर मित्रांना सांगत हिंडला होता की, मी असा पटकन हात मागं घेतला! आई स्वयंपाकघरातून धावत आली, त्याला नखशिखान्त चाचपलं, आणि मग एक शब्द न बोलता मागच्या दारानं अंगणात गेली. ती का गेली, हे त्यानं विचारलं नव्हतं.

"ती मला सांगू शकली असती," तो म्हणाला. आवाज चढला होता, भांडल्यासारखा. "एकदा तरी. अर्थिंग आहे म्हणून! मी ऐकलं असतं."

"तिला तो शब्द माहीत नव्हता."

"मग दुसऱ्या कुठल्या शब्दात..."

"सांगितलं की. त्याला लागतं, म्हणाली."

अभिराम खाली बसला. फरशी तापली होती, तरी बसला. बुजवलेल्या जागेवर तळहात ठेवला. सगळीकडं सारखंच गुळगुळीत. सांधा कुठं संपतो आणि पाइप कुठं होता, हे त्यालाही आता ओळखू येईना.

तळहात न उचलता तो म्हणाला, "अप्पा... मी सांगत होतो ना, कुणीतरी जाळला म्हणून."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"पाणी आण," ते म्हणाले.

तो आत गेला. तांब्या शोधायला वेळ लागला. आईचा तांब्या फडताळात, पालथा. त्यानं तो विसळला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरून बाहेर आणला. अप्पा पितील म्हणून पुढं केला. अप्पांनी घेतला नाही.

"धरून ठेव," ते म्हणाले.

मग त्यांनी कुंपणावरून हाक मारली. पलीकडच्या गल्लीत नागनाथ गवंडी राहायचा. या फरश्या त्यानंच बसवल्या होत्या. तो पहार घेऊन आला, आणि आपलंच काम फोडायला सांगताहेत म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं.

"एवढी लेव्हल जमलीय, मालक. पाणी थांबत न्हाई कुठं. फोडू नका."

"फोड," अभिराम म्हणाला.

पहिल्या घावाला फरशी दुभंगली. खालचं सिमेंट निघालं. पाइपचं कापलेलं तोंड दिसलं, त्याच्या कडेला कसलातरी तांबूस रंग चिकटलेला. गंज असेल. अभिरामनं बोट लावून पाहिलं नाही.

"पाइपाच्या अंगानं खाली जाऊ दे," अप्पा म्हणाले. "पत्रा खाऊन गेलाय का बघू."

नागनाथ उकरत गेला. माती ढेकळं होऊन येत होती आणि हातात घेताच भुगा होऊन वाऱ्यावर जात होती. अभिराम तांब्या धरून उभा होता. हात भरून आले होते. काठावरून एकेक थेंब फरशीवर पडत होता, आणि पडल्या पडल्या सुकत होता.

"आता घातलं तर?" त्यानं विचारलं.

"तर पुढच्या विजेला उपयोग होईल," अप्पा म्हणाले.

"आणि..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. अप्पांनीही केलं नाही.

नागनाथ गुडघ्यावर टेकला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर काढून उजेडात धरली. पांढरं, खडबडीत, मध्येच कोळशाचा काळा कण.

"ओल न्हाई, मालक," तो म्हणाला. "खालपतूर नुसतं मीठ हाय."