काळुंद्रीचा गोळा

एक होतं माळरान, आणि तिथे राहायची काळुंद्री. काळुंद्री म्हणजे शेणातली भुंगेरी, बरं का. हसू नका! शेणाचा एवढासा गोळा ढकलत न्यायचा, मऊ माती बघून पुरायचा, त्यातच अंडं घालायचं. बाळाचं घर तेच, जेवणही तेच.

पण काळुंद्री भारी भित्री. पान हललं तरी दचकायची. त्यात शेणाच्या ढिगावर बसलेला दांडगोबा भुंगेरा, लोकांचे आयते गोळे पळवणारा. "ये गं फिरून माझ्याकडेच!" तो चिडवायचा. म्हणून ढिगापासून सरळ लांब जायचं. पण गोळा ढकलायचा डोकं खाली, पाय वर, उलटं उलटं. मग वाट दिसणार कशी?

मग काळुंद्री गोळ्यावर चढली. गोल गिरकी घेतली. "सूर्यआजोबा, कुठे हो जाऊ?"

"मला डाव्या डोळ्यात ठेव, पोरी."

निघाली. माळाचा उतार, गवत सळसळ, गोळा हळूहळू घरंगळतोय. दुपारी आजोबा आले थेट डोक्यावर. आता डावं कुठलं नि उजवं कुठलं? काळुंद्री रडकुंडीला आली.

तेवढ्यात मिशीला गार लागलं. "अगं, सकाळपासून तुझ्या डाव्या मिशीवर मीच आहे," वारामामा म्हणाला. "तसाच राहू दे मला."

मग ती मामाच्या भरवशावर चालली. आजोबा कलले, उजव्या डोळ्यात आले.

आणि एकदम फर्रर्र! वारा उजव्या मिशीवर! "वळ, काळुंद्रे, वळ!" कुणीतरी कुजबुजलं. ती दचकली. मामा डावीकडे हवा म्हणून वळली, वळली, पार उलटी झाली.

तोच पाय कुरकुरले, "दिवसभर उतरतोय आपण. हा चढ कुठला?"

काळुंद्री थरथरत गोळ्यावर चढली. गिरकी घेतली. आजोबा तर डाव्या डोळ्यात! दुपारनंतर ते उजव्या डोळ्यात हवेत ना! आजोबा सांगतात तेच पाय सांगतात. मामाच एकटा निराळं बोलतोय? मग तिने कान देऊन ऐकलं. वारा चक्क धापा टाकत होता!

गवताआड दांडगोबा, ढिगापासून मागोमाग आलेला. पंख फडफडवून घामाघूम.

"माझा मामा दमत नाही हो!" काळुंद्री म्हणाली, आणि गोळा पुन्हा उताराकडे वळवून सुटली. दांडगोबाला उठवेना.

मग मऊ माती लागली. काळुंद्रीने बीळ खणलं, अंडं घातलं, दार लिंपलं. काही दिवसांनी आत बाळ जागं झालं, पोटभर जेवलं, पुन्हा निजलं. काळुंद्री निजली. दांडगोबासुद्धा उपाशीच निजला.

आता तुम्हीही मिटा बरं डोळे.