आभाळाची वेस

त्या तळ्याच्या राज्यात आभाळ आजारी होतं. तसं फर्मानच होतं. एके वर्षी जुनी पिसं झडून नवी यायच्या दिवसांत सगळी पाखरं पाण्यावर अडकून पडली असताना, झोळीवाला नावाच्या थोराड पांढऱ्या पक्ष्याने जाहीर केलं की आभाळाला ताप चढला आहे, वर जाईल तो भाजून मरेल. पिसं यथावकाश परत आली. फर्मान मात्र मागे घेतलं गेलं नाही. झोळीवाला महाराज झाला. कुणीही मासा पकडला की तो आधी महाराजांच्या चोचीखालच्या झोळीत जायचा आणि तिथून मर्जीप्रमाणे वाटला जायचा. काळे पाणकावळे पहारा करायचे. पूर्वी उन्हाळ्यात तळं आटलं की पाखरं नदीकडे उडून जात. आता ती चिखलात बसून पावसाची वाट बघत, आणि काहीजण त्या चिखलातून उठतच नसत.

केशर ही बदकीण या तळ्याचीच. फर्मान निघालं तेव्हा ती दूर उत्तरेला, बर्फाच्या पायथ्याशी शिकायला गेलेली होती, म्हणून सुटली. तिचा थोरला भाऊ रानबा मात्र मागे राहिला. तिकडून येणाऱ्या प्रत्येक पाखराला ती त्याची खबर विचारी.

दर हिवाळ्यात उत्तरेचे थवे दक्षिणेला जाताना आणि परतताना त्या तळ्यावर मुक्काम करायचे आणि उतराई म्हणून महाराजांच्या झोळीत मासे टाकायचे. त्या वर्षी निघण्याआधी केशर थव्यांच्या सभेत उभी राहिली.

"त्याला आपणच पोसतो!" ती कडाडली. "त्याची झोळी आपल्या माशांनी भरते. त्या तळ्याला वाळीत टाका. एकानेही उतरायचं नाही!"

थव्यांचा म्होरक्या, दौलूतात्या नावाचा म्हातारा करकोचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "पोरी, वाळीत टाकल्यावर आधी उपाशी कोण राहील? तो, की तुझा भाऊ?"

"अन्यायाशी सोयरीक नको, तात्या!"

तरुण पाखरांनी पंख फडफडवून सभा डोक्यावर घेतली. ठराव झाला. सगळे थवे लांबचा वळसा घालून गेले.

भर हिवाळ्यात केशरला राहवेना. दक्षिणेहून ती एकटीच निघाली आणि धुक्याचा आडोसा घेऊन तळ्याकाठच्या लव्हाळ्यात उतरली. रानबा दिसला. मानेची हाडं वर आलेली.

"अगं, तू जिवंत आहेस?" तो पुटपुटला. "आम्हाला वाटलं, तुम्ही सगळे भाजून मेलात."

"कोण म्हणालं असं?"

"महाराज. पाहुणे का आले नाहीत, तर आभाळाने गिळले. वर बघावं तर खरंच कुणी नाही. आता तूच सांग, खोटं कसं म्हणायचं?"

"अरे दादा, आम्ही त्याला धडा शिकवायला..."

"त्याला?" रानबाला हसू आलं. "झोळी होती तेवढीच आहे. आत गेली ती आमची पोटं. पूर्वी पाहुण्यांच्या तोंडचे सांडलेले चार घास तरी मिळायचे. आता सकाळी रांगेत उभं राहून 'आभाळ आजारी आहे' म्हणायचं, तेव्हा माशाचं शेपूट पदरात पडतं. येत्या उन्हाळ्यात माझं काही खरं नाही बघ."

"मग चल, आत्ताच उड!"

रानबाने पंख जेमतेम अर्धे उघडले. तेवढ्यात पाणकावळ्याची चाहूल लागली आणि ते आपोआप मिटले. "विसरलो गं," तो म्हणाला.

केशर दक्षिणेला परतली, आणि थवे उत्तरेला निघायच्या सुमारास पुन्हा सभेत उभी राहिली. "परतताना तळ्यावर उतरू या," ती म्हणाली.

"वा वा! काल वाळीत, आज पंगतीत!" एक चिमुकलं बदक ओरडलं आणि सभा खिदळली.

"हसा खुशाल. पण उतरा."

"झोळी भरेल हो," तात्या म्हणाले.

"भरू दे," केशर म्हणाली. ते म्हणताना तिला कडू लागलं, पण रानबाची मान डोळ्यांपुढून हलत नव्हती.

थवे उतरले तेव्हा महाराज हरखून गेले. "पाहा, आपल्या राज्याची कीर्ती!" असं म्हणत ते उतराई घेत राहिले. झोळी फुगत फुगत पाण्याला टेकली. केशरचा संताप संताप झाला. पण संध्याकाळी पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या. नदीच्या कुठल्या वळणावर गोगलगायी मिळतात, कुणाचं कुणाशी जमलं, ढगात शिरलं की कशा गुदगुल्या होतात. तळ्यावरची पिल्लं सरकत सरकत जवळ आली.

"तुम्हाला वर भाजत नाही?"

"भाजतंय कसलं! चोच गारठते वर, शिंक आली तर थांबवता येत नाही!"

पहाऱ्यावरचा एक पाणकावळा फिस्सकन हसला आणि खोकला आल्याचं सोंग करू लागला.

निघायच्या सकाळी पाहुण्यांनी निरोपाचे मासेही झोळीत घातले. मग दौलूतात्यांनी मान लववली. "महाराज, पाहुणचार झकास झाला. आता एक रीत तेवढी राहिली. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला यजमानाची माणसं येतात."

झोळी इतकी गच्च होती की महाराजांना बोलता येईना. पण रीत मोडली असती तर जगात नाचक्की. त्यांनी ऐटीत मान डोलावली.

"वेस कुठाय पण?" पाणकावळ्यांच्या नाईकाने विचारलं.

"आली की सांगतो की," तात्या म्हणाले आणि पाण्यावरून धावू लागले.

पाहुण्यांमागे अख्खं तळं निघालं. फट् फट् फट् पाय वाजू लागले. केशरशेजारी रानबा धापा टाकत होता. "आली का गं वेस?"

"अजून थोडं, दादा. पंख सावरून धर, तोल जाईल."

त्याने पंख पसरले. पायांचा आवाज बंद झाला.

"आता आली?"

"अजून थोडं."

खाली पाणकावळ्यांनी हुकमासाठी महाराजांकडे पाहिलं. हुकूम द्यायचा तर चोच उघडायला हवी, आणि चोच उघडली की एवढा मासा पाण्यात. महाराजांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि चोच घट्ट मिटून घेतली. शेवटी नाईक स्वतःच्या अकलेने म्हणाला, "चला रे, आणू वळवून!" आणि पहाराही उडाला.

"मागे फिरा!" नाईक दम लागून ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "गार आहे की इथे."

"हुकूम आहे का तसा?" रानबाने विचारलं. त्याचा आवाज नवाच वाटत होता.

"थांब, इशारा बघतो." नाईकाने खाली वाकून पाहिलं. "महाराज कुठायत? ते पांढरं का?"

"तो खडक आहे," केशर म्हणाली.

"मग ते?"

"तो फेस."

रानबा शोधू लागला, पिल्लं शोधू लागली, पाणकावळे माना वाकड्या करकरून शोधू लागले. नीट दिसावं म्हणून सगळे आणखी थोडे वर गेले.